पाठ झालेली वाक्यं

माझा नवरा बोलणं कापतो. म्हणजे माझं नव्हे, ते कापायची त्याची हिंमत नाही. लोकांचं. ऑफिसात त्याला सगळे कात्री म्हणतात, आणि इतकी वर्षं म्हणतात की निरोप घेऊन आलेला शिपाईसुद्धा दारात उभा राहून "कात्रीसाहेब आहेत का?" असं विचारतो. त्याला त्याचं काही वाटत नाही. त्याला कशाचंच फारसं काही वाटत नाही, असं मी लग्नानंतर बरीच वर्षं समजत होते.

त्याचं काम त्याने मला तीनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा ते समजलं. खोल समुद्रातल्या बोटी, डोंगरावरच्या चौक्या, अशा ठिकाणांहून बोलणं पाठवायची वाट फार अरुंद असते. लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकतं तसा आपला आवाज तिथे अडकतो. मग करायचं काय, तर आवाज पाठवायचाच नाही. बोलण्याचे पापणी लवायच्या आत संपतील इतके बारीक काप करायचे आणि प्रत्येक कापाची नुसती हकिकत पाठवायची. स्वर वरचा होता की खालचा, जोर किती होता, घसा थरथरत होता की नुसती हवा बाहेर पडत होती, तोंडाचा आकार साधारण कसा होता. पलीकडचं यंत्र त्या हकिकतीवरून नवा आवाज तयार करतं.

"म्हणजे पलीकडच्याला ऐकू येतो तो माणूस नसतोच?" मी विचारलं होतं.

"माणसाचं वर्णन असतं," तो म्हणाला. "पण चांगलं वर्णन असतं."

हकिकत जितकी थोडक्यात, तितकी ती अरुंद वाटेतून सुखाने जाते. त्याने ती आधी निम्म्यावर आणली, मग त्याच्याही निम्म्यावर. या वर्षी मोठ्या साहेबांना आणखी निम्मी हवी होती. मी म्हटलं, साहेबांना आपल्या घरी जेवायला बोलव, तू जेवताना किती शब्दांत भागवतोस ते बघून त्यांचं समाधान होईल. यावर तो हसला, आणि ते हसूसुद्धा निम्मंच होतं.

घरात बोलायचं काम आईंचं होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोरचा माणूस 'हं' म्हणायलाही जागा शोधायचा. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, दूरच्या गावी एकटीच राहते. या दोघी बहिणी दररोज दुपारी फोनवर बसत, आणि मी कामावरून येऊन कपडे बदलून चहा करून पिऊन झाला तरी यांचं "बरं, ठेवते हं" संपलेलं नसे. "माझं बोलणं तुझ्या त्या यंत्रातून गेलं ना," आई मुलाला म्हणायच्या, "तर यंत्र रजा मागेल."

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. बोलायची हौस तेवढीच राहिली, पण बाहेर पडायचे ते नुसते लांबट आवाज, एकात एक मिसळलेले. वाक्याची चाल कळायची, शब्द कळायचे नाहीत. डाव्या हाताने लिहायला दिलं तर दोन रेघोट्या ओढून त्यांनी पेन्सिल भिरकावून दिली. मान सतत थरथरायची, त्यामुळे त्या हो म्हणतायत की नाही तेही कळत नसे. दिवसा त्यांना सांभाळायला एक बाई येतात. स्वभावाने चांगल्या आहेत, पण त्यांचं उत्तर एकच. आई काहीही बोलल्या की "हो हो, आजी, हो हो."

आईंचं बोलणं फक्त माझ्या नवऱ्याला कळायचं. अगदी पहिल्या दिवसापासून. इस्पितळात डॉक्टर वाकून वाकून ऐकत होते आणि हा कोपऱ्यातून म्हणाला, "पाणी मागतेय." पाणी दिलं, आई घटाघटा प्यायल्या. डॉक्टरांनी याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच अभिमान वाटला. मग रोजचंच झालं. खिडकी लाव. पाय वर कर. कूस बदलायचीय. दिवा डोळ्यांवर येतोय. तो सांगायचा, आम्ही करायचो, बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्याच्या कानांवर शंका घ्यायची कोणी? ते तर पगारी कान.

तशी दमणूक दोघांचीही होत होती. मी लाँड्रीच्या काउंटरवर उभी असते. दिवसभर लोक मला सांगतात की हा डाग आधी नव्हता, आणि मी लोकांना सांगते की तो आधीपासूनच होता. संध्याकाळी घरी येऊन आईंना भरवायचं, पुसून काढायचं, चादर बदलायची. नवरा रात्रपाळीच्या माणसासारखा लाल डोळ्यांनी यायचा आणि आईंच्या पलंगाशी स्टुलावर बसल्या बसल्या पेंगायचा. पेंगतानासुद्धा आई बोलल्या की तो सांगायचा, "उशी."

मावशीचा फोन आता फक्त रविवारी यायचा. रोज करून उपयोग नव्हता, तिला एक अक्षर कळायचं नाही. नवरा फोन स्पीकरवर ठेवून पलंगावर आईंच्या कानाशी धरायचा. मावशी मोठ्याने सगळं सांगायची, आई लांबलचक उत्तर द्यायच्या, आणि नवरा त्याचा सारांश मावशीला सांगायचा. "म्हणतेय, बरी आहे. म्हणतेय, तू तब्येत सांभाळ." फोन संपला की आई भिंतीकडे तोंड करून पडायच्या. तो म्हणायचा, दमली. मलाही तेच पटायचं, कारण दमणं म्हणजे काय ते मला रोज कळत होतं.

मग एका रविवारी मावशीने विषय काढला. परदेशातला तिचा मुलगा तिला कायमची घेऊन जाणार होता, महिनाअखेरीस ती राहती खोली सोडणार होती. "ताई," ती म्हणाली, "एकदा गेले की परत येणं माझ्याने व्हायचं नाही. त्याआधी येऊन राहू का तुझ्याजवळ? की जाऊच नको? तू म्हणशील तसं करते. खरं सांग."

आई बोलायला लागल्या. खूप बोलल्या. डावा हात पलंगाच्या कडेवर आपटत होत्या. नवऱ्याने फोन उचलला आणि म्हणाला, "मावशी, ती म्हणतेय, कशाला दगदग करतेस. मुलाकडे जा, सुखात राहा."

मग मावशी "बरं" म्हणाली.

त्या दिवशी आईंनी जेवायला तोंड उघडलं नाही. मला कुठेतरी खटकलं. मी म्हटलं, "अरे, एवढं सगळं बोलल्या त्या, आणि त्याचं एवढंसंच?"

"नेहमीचंच असतं गं," तो म्हणाला. "मला माहितीये."

पुढच्याच आठवड्यात ऑफिसातली टायपिस्टबाई तापाने आजारी पडली आणि माझी वर्णी लागली. झालं असं की त्यांच्याकडे यंत्राची परीक्षा माणसांच्या कानांनी होते. ऑफिसातलेच सहा जण एका खोलीत बसतात, कानाला हेडफोन लावतात, यंत्रातून आलेली वाक्यं ऐकतात आणि ऐकू आलं ते कागदावर लिहितात. जितकं बरोबर लिहिलं जाईल तितकं यंत्र चांगलं. सहाच्या जागी पाच चालत नाहीत. मोठे साहेब म्हणाले, कात्री, वहिनींना विचारा ना. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. फुकट बसायला मिळतंय म्हणून गेले, खोटं कशाला बोलू.

खोलीच्या भिंतींना जाड फोम होता आणि दार बर्फाच्या कारखान्यासारखं. दार लागलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. माझ्या शेजारी स्टोअरकीपर बसले होते, गेली अनेक वर्षं या कामाला बसणारे. मला धीर देत म्हणाले, "काही नाही हो वहिनी, सवयीने येतं."

पहिलं वाक्य आलं. कोणीतरी बादलीत तोंड घालून, वर ओली चादर घेऊन बोलत होतं. चाल कळली, वर गेली, खाली आली, संपली. शब्द एकही नाही. मी कागदाकडे बघत बसले. दुसरं वाक्य आलं, तेही तसंच. कितव्या तरी वाक्यात मला 'बदक' असं काहीतरी वाटलं, म्हणून मी 'बदक' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. शाळेत असल्यासारखं शेजारच्याच्या कागदावर डोकावायचा मोह झाला. डोकावले. स्टोअरकीपर झराझरा लिहीत होते. माझ्या कानात आवाज अजून अर्ध्यावर होता आणि त्यांनी पूर्णविराम देऊन पेन खाली ठेवलं होतं.

निकाल लागला. पाचही जण जवळजवळ पूर्ण बरोबर, आणि मी नापास. कानामागून येऊन तिखट होण्याऐवजी मी अळणीच निघाले. मोठे साहेब फार सभ्य माणूस. हळूच म्हणाले, "वहिनी, एकदा कान दाखवून घ्या. वयोमानाने होतं." नवरा बुटांकडे बघत होता. त्याला माझी लाज वाटली की माझ्यासाठी वाईट वाटलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी कान दाखवले. कानांच्या डॉक्टरने नळी घातली, यंत्र लावलं, टुंकटुंक ऐकवलं आणि म्हणाला, तुमचे कान उत्तम आहेत, तुम्हाला कोणी पाठवलं? मी म्हटलं, ज्यांचं काम ऐकण्याचं आहे त्यांनी.

त्या संध्याकाळी आईंना भरवून झाल्यावर मी नवऱ्यासमोर बसले. माझं डोकं फिरलेलं होतं.

"तुमची माणसं ऐकत नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे स्टोअरकीपरांचं वाक्य आवाजाच्या आधी संपत होतं. मी पाहिलं. त्यांना ते पाठ आहे."

"पाठ कसं असेल? वाक्यं कपाटात कुलपात असतात. बाहेर कोणाला दाखवतही नाही."

"अरे, कुलूप माझ्यासाठी. आत बसणाऱ्यांना तुम्ही तीच वाक्यं किती वर्षं ऐकवताय?"

त्याचा घास हातातच राहिला. "वाक्यं बदलली तर मागच्या वर्षीशी तुलना कशी करणार?" तो म्हणाला, पण ते मला सांगितल्यासारखं नव्हतं. जेवण निवलं. शेवटी उठला, कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मला नवी वाक्यं दे. कोणी कधी न ऐकलेली."

नवी वाक्यं माझ्याकडे पोत्याने पडलेली. लाँड्रीच्या काउंटरवर दुसरं असतं काय? 'तिसरी गुंडी तुमच्याच दुकानात तुटली.' 'पडद्याला मांजराचे केस चिकटलेत.' 'हा कोट माझ्या भावाचा नाहीच.' मी सांगत गेले, तो लिहीत गेला. मधेच एकदा हसलाही, आणि या वेळी पूर्ण हसला.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. यंत्र तेच, माणसं तीच, टायपिस्टबाईही ताप उतरून आलेली, वाक्यं तेवढी माझी. सहाही कागद जवळजवळ कोरे आले. स्टोअरकीपर हेडफोन काढून वैतागून म्हणाले, "आज यंत्र बिघडलंय." त्यांच्या मनात काही खोट नव्हती. त्यांना खरोखर वाटत होतं की आजवर आपण ऐकत होतो.

मग नव्या वाक्यांवर मागचं यंत्र तपासलं, तेही गडगडलं. त्याच्या आधीचं कसंबसं टिकलं. म्हणजे मधल्या सगळ्या वर्षांचं काम पाण्यात. मोठ्या साहेबांनी आधी म्हटलं, हे अहवालात लिहायचं कसं? मग म्हणाले, बोटीवरचा माणूस बुडताना आपली कपाटातली वाक्यं थोडीच बोलणार आहे, लिहा. नवऱ्याने लिहिलं. घरी आला, बूट काढायला स्टुलावर बसला आणि एक बूट काढून तसाच बसून राहिला.

"मला वाटायचं, मी ते सुधारतोय," तो म्हणाला. "ते सुधारत नव्हतं. आमच्या ओळखीचं होत होतं, एवढंच."

मी दुसरा बूट काढून दिला. माणूस इतका थकलेला असला की त्याला समजूत नको असते, पाठ टेकायला जागा हवी असते.

आला रविवार. मावशी जाण्याआधीचा शेवटचा. चार दिवसांनी तिचा मुलगा तिला न्यायला यायचा होता. फोन स्पीकरवर लावून नवऱ्याने आईंच्या कानाशी धरला.

"ताई, सामान बांधलं," मावशी म्हणाली. "तुझी ती निळी शाल माझ्याकडेच राहिलीये. पाठवून देऊ की घेऊन जाऊ?" आणि मग अगदी हळू म्हणाली, "तू काही म्हणणार आहेस का मला?"

आई बोलायला लागल्या. हात पलंगाच्या कडेवर आपटू लागला. नवरा सवयीने फोनकडे वाकला आणि म्हणाला, "मावशी, ती म्हणतेय की शाल राहू दे, तू सुखरूप..."

आई अजून बोलतच होत्या. त्यांचं वाक्य अर्ध्यावर होतं आणि त्याचं संपत आलं होतं. मी दारात ओला टॉवेल घेऊन उभी होते. तो स्वतःच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्याची इतकी दया आली की मी नजर दुसरीकडे वळवली.

"मावशी, फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. मग स्टुलावरून उतरून जमिनीवर बसला. त्याचा चेहरा आईंच्या चेहऱ्यासमोर आला.

"आई, मला कळलं नाही. पुन्हा सांग."

आईंचा हात थांबला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. वर्षभरात त्यांना असं कोणी म्हटलंच नव्हतं. दिवसा 'हो हो' आणि संध्याकाळी 'उशी'.

त्यांनी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, नाही कळलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. तो एकेक तुकडा घेऊन विचारत होता, "असं? हे बरोबर असेल तर माझा हात दाब." चुकला की हात दाबला जात नव्हता, आणि तो फार वेळा चुकत होता. फोनमधून मावशीचा श्वास ऐकू येत होता. मधे एकदा आई चिडून रडल्या, मी टॉवेलने तोंड पुसलं, आणि त्या पुन्हा बोलायला लागल्या. चहा होऊन गार व्हावा इतका वेळ गेला असेल. शेवटी जे निघालं ते एवढंच होतं: तुम्ही दोघं दमून येता. मी दिवसभर भिंत बघते. तिला म्हणावं, जाऊ नको. ये.

त्याने सगळं शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. आईंनी त्याचा हात असा दाबला की त्याची बोटं पांढरी पडली.

"मावशी," तो म्हणाला, "ती म्हणतेय, जाऊ नको. ये."

"आता म्हणतेय?" मावशीचा आवाज चिरका झाला. "त्या दिवशी किती कळवळून विचारलं मी हिला. तेव्हा नको म्हणाली ना? मला वाटलं, आजारपणात मी नकोशी झालेय हिला. माझं सामान बांधून झालं, पोराने सगळं ठरवलंय, आणि आता?"

"ती नको म्हणाली नव्हती, मावशी. ते मी म्हणालो होतो."

आईंनी फोनच्या दिशेने तोंड करून एक आवाज काढला, लांब आणि वर जाणारा. तो आवाज मी ओळखला, कारण झटक्याआधी दुपारचा फोन उचलला की त्या तोच काढायच्या. बहिणीला हाक मारायच्या त्या.

मावशी आली. एक पिशवी आणि ती निळी शाल घेऊन. मुलाची समजूत घालायला तिला दोन दिवस लागले, आणि तो अजून फोनवर धड बोलत नाही. परदेश पुढे ढकललाय. पुढचं पुढे बघू, असं ती म्हणते, आणि तिच्या वयाला ते शोभतं. आमची दमणूक कमी झाली असं म्हणवत नाही. आता दोन म्हाताऱ्यांचं करावं लागतं आणि दोघींना पाण्याची वेगवेगळी भांडी लागतात. नवरा ऑफिसात जुन्या यंत्रावर परत आलाय, आणि दर महिन्याला माझ्याकडून नवी वाक्यं घेऊन जातो. लोकांच्या डागांचा कोणालातरी उपयोग होतोय, एवढं समाधान.

मावशीला आईंचं बोलणं अर्धंही कळत नाही. पण ती तसं सरळ सांगते. "काय? पुन्हा बोल. नाही कळलं. अजून एकदा." आई चिडतात, हात आपटतात आणि पुन्हा बोलतात. दुपारभर असं चालतं, म्हणे. सांभाळणाऱ्या बाई वैतागल्या आहेत.

परवा आम्ही दोघं कामावरून आलो तेव्हा आतून हसण्याचा आवाज येत होता. मावशी शाल तोंडावर धरून हसत होती आणि आई पलंगावर गदगदत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी नवऱ्याला कोपराने ढोसून विचारलं, "अरे, काय म्हणाल्या त्या?"

तो दारातच बूट काढत होता. वर न बघता म्हणाला, "मला नाही माहीत. तिलाच विचार."